सुतकी रंगातल्या दरबारी बायका : काताबुचींचा हेइआनकालीन अ‍ॅनिमेशनपट

शेवंती (धागाकर्ती)

काताबुची सुनाओ हे नाव इथल्या बऱ्याच जणांना 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' (2016) मुळे माहीत असेल. हिरोशिमाजवळच्या कुरे गावात सून म्हणून आलेली सुझू, रेशनवर रेटलेला संसार आणि डोक्यावर विमानं. कुठल्या दिवशी हवा कशी होती, भोंगा किती वाजता झाला, हेसुद्धा जुन्या नोंदी तपासून काढलेला चित्रपट.

आता हाच माणूस थेट हजार वर्षं मागे गेला आहे. 2023 मध्ये नव्या चित्रपटाचं नाव जाहीर झालं, 'त्सुरुबामी-इरो नो नागिको-ताची'. जागा हेइआन-क्यो, म्हणजे आजचं क्योतो. काळ दहाव्या शतकाची अखेर. माणसं म्हणजे सम्राज्ञी तेइशीच्या अंतःपुरातल्या बायका, आणि त्यांच्यात 'माकुरा नो सोशी' (इंग्रजीत 'पिलो बुक'; दरबारातले प्रसंग, याद्या आणि टिपणं यांचं पुस्तक) लिहिणारी सेई शोनागोन. त्सुरुबामी हा एका जातीच्या ओकच्या फळांपासून काढलेला काळपट रंग, तेव्हाच्या सुतकी कपड्यांचा.

मी पूर्ण चित्रपट अजून पाहिलेला नाही, त्यामुळे हे परीक्षण नव्हे. मला त्या रंगाबद्दल बोलायचंय.

हेइआन दरबार म्हटला की आपल्यासमोर येतं ते कॅलेंडरवरचं चित्र: बारा थरांचे रेशमी झगे, जमिनीवर लोळणारे केस, चेरीचा बहर, पडद्याआडून कविता. शोनागोनचं पुस्तकही वरवर वाचलं तर असंच वाटतं. काय छान दिसतं, कशाचा वैताग येतो, कोणाची कशी फजिती झाली. बाई सतत हसत असते. पण तिचा नोकरीचा काळ बघा. साधारण 993 मध्ये ती तेइशीकडे रुजू झाली. 994 मध्ये साथ आली, रस्त्यात प्रेतं पडली, आणि 995 मध्ये तर वरिष्ठ सरदारांपैकी आठ जण एका वर्षात गेले. त्याच वर्षी चौथ्या महिन्यात तेइशीचा बाप, राज्याचा खरा कारभारी फुजिवारा मिचिताका, वारला. त्याच्या जागी आलेला धाकटा भाऊ मिचिकाने काही दिवसांतच गेला, म्हणून त्याला 'सात दिवसांचा कारभारी' म्हणतात. मग सत्ता सर्वांत धाकट्या मिचिनागाकडे गेली आणि तेइशीचं माहेर बुडालं ते बुडालंच.

ज्या पुस्तकाला जग खेळकर म्हणतं, ते अशा घरात घडलं जिथे सुतक फिटतच नव्हतं. चित्रपटाने नावातच तो रंग घेतला, ही मला मोठी गोष्ट वाटते. बोला.

मोरपंखी

वाचतेय. ताई, 'माहेर बुडालं' म्हणजे नेमकं काय झालं? ती सम्राज्ञी होती ना? सासर तर राजवाडाच.

शेवंती

इथेच सगळी गोम आहे, मोरपंखी. त्या काळी राणीचं वजन माहेरावर ठरायचं. तिचा राजवाड्यातला महाल, तिच्या दासी, कपडालत्ता, बाळंतपण, नातवाचा सांभाळ, सगळं माहेरकडून. सरदारांचा डावच तो होता: मुलगी सम्राटाला द्यायची, नातू गादीवर बसवायचा आणि आजोबांनी राज्य करायचं. तेइशी 990 मध्ये राजवाड्यात आली तेव्हा सम्राट इचिजो जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता आणि ती त्याच्याहून तीनेक वर्षांनी मोठी. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, हे तर शत्रूच्या गोटातलेही मान्य करतात. पण बाप गेला, आणि 996 मध्ये भाऊ कोरेचिकाने एका बाईवरून झालेल्या गैरसमजातून माजी सम्राट काझानवर बाण सोडवला. झाली हद्दपारीची शिक्षा. भाऊ लपला तेइशीच्याच घरी. शिपाई घरात घुसले, जमीन-छत उचकटून शोध घेतला. ती तेव्हा गरोदर होती. त्या धक्क्यात तिने स्वतःचे केस कापले, म्हणजे संन्यासच घेतला. पुढे काही दिवसांत ते घरही जळालं.

'माकुरा नो सोशी'त यातलं काय आहे? जवळपास काहीच नाही.

खुसपट

धागा चांगला आहे, पण मला एक कळत नाही. देशात प्रेतांचा खच पडलाय आणि बाईसाहेब 'वसंतात पहाट सुंदर' लिहितायत, याचं कौतुक करायचं? तिने गरिबांबद्दल काय लिहिलंय तेही सांगा की. हलक्या लोकांच्या घरांवर बर्फ पडलेला शोभत नाही, त्यात चांदणं पडलं तर आणखीच वाया गेलं, असं लिहिणारी बाई आहे ती. एक भिकारीण जोगीण दारात येते, तिला सगळ्या मिळून टोपणनाव ठेवतात, अचकट गाणी म्हणायला लावतात, नंतर कंटाळतात. ही तुमची नायिका.

जुनाखोड

खुसपटराव नेहमीप्रमाणे वेळेवर. मुद्दा खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. शोनागोन तिच्या वर्गाची बाई होती, पक्की. पण तिचा वर्ग तरी काय होता? बाप कियोहारा मोतोसुके नावाजलेला कवी, पण नोकरी दूरच्या प्रांतांतल्या सुभेदाऱ्यांची. मधल्या फळीतला माणूस. राजवाड्यात आली तेव्हा ती वरच्यांपुढे चळचळ कापत होती. तिनेच लिहिलंय: पहिल्या दिवसांत रात्रीच कामावर यायची, पडद्यामागे लपायची, डोळ्यांत पाणी यायचं. तेइशी तिला चित्रं दाखवायला पुढे करते आणि हिला दिसतात ते फक्त बाहीतून डोकावणारे हात, थंडीने गुलाबी झालेले. असे लोक जगात असतात, असं तिला वाटतं. मालकीण तेव्हा सतरा-अठराची आणि ही तिच्याहून बरीच मोठी, लग्न होऊन पोर झालेली बाई.

मधल्या फळीतली माणसं खालच्यांना जास्त हिणवतात, हे तर आपण आजूबाजूला रोज बघतो.

ओसाकाकर

क्योतोला वर्षातून दोन-चारदा जाणं होतं, म्हणून थोडी भर.

आज क्योतोत जो सम्राटांचा राजवाडा दाखवतात तो 1855 साली पुन्हा बांधलेला, आणि जागाही मूळची नाही. मूळ राजवाडा तिथून पश्चिमेला होता आणि हेइआन काळातच पुन्हापुन्हा जळत असे. 999 मध्ये जळला, 1001 मध्ये परत. तरी आजच्या आवारातलं सेइर्योदेन, म्हणजे सम्राटाचं दालन, जुन्या धाटणीनं बांधलंय. बाहेरूनच बघायला मिळतं. बघितल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे की भिंती जवळपास नाहीतच! खांब, वर उचलायच्या जाळीदार झडपा, बांबूचे चिकाचे पडदे, कापडी आडोसे. लाकडी जमीन उघडी, चटया हव्या तिथे पसरायच्या. क्योतोच्या हिवाळ्यात त्या जमिनीवर बसून दाखवा. ते बारा थर मिरवायला होते हे अर्धं खरं, उरलेलं अर्धं थंडी.

आणि या अशा घरात एकांत म्हणून नाहीच. आडोशापलीकडे कोण झोपलंय, कोण कुजबुजतंय, सगळं ऐकू येणार.

शिमोग्यो भागात पेहरावाचं एक छोटं संग्रहालय आहे. तिथे हेइआन काळातला एक अख्खा प्रासाद एक-चतुर्थांश मापात उभा केलाय, बाहुल्यांसकट. सुगंधी धुरावर टोपली पालथी घालून तिच्यावर कपडे पसरलेत, केस विंचरायचं चाललंय, कुणी पेटाऱ्यातून वस्त्रं काढतंय. आपली उंची बाहुलीच्या चौपट, त्यामुळे वरून वाकून बघावं लागतं.

फ्रेमवाला

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, त्यामुळे मला वेगळ्याच कारणासाठी हा चित्रपट बघायचाय. थरांचे कपडे हाताने काढणं हा कामाचा डोंगर असतो. बाहीच्या टोकाशी पाच थर दिसत असतील तर प्रत्येक चित्रात त्या पाच कडा एकमेकींच्या मागेपुढे बरोबर सरकल्या पाहिजेत. सेकंदाला 24 फ्रेम असतात, जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये बहुधा दोन-तीन फ्रेमना एक चित्र, म्हणजे सेकंदाला आठ ते बारा चित्रं धरा. गुणाकार तुम्हीच करा. त्यामुळे दरबारी कथा करताना बहुतेक जण पात्रांना बसवून ठेवतात आणि नुसते चेहरे हलवतात.

आणि इथे तर सुतकी रंग. काळपट करड्या कपड्यातली बाई, शेजारी तशीच दुसरी, मागे अंधारं दालन. आकृती वेगळ्या कशा काढणार? रंगाची मदतच काढून घेतली तर फक्त हालचाल उरते: कोण कशी गुडघ्यांवर सरकते, कोण बाही कशी सावरते. दरबारात मान्यवरांसमोर उभ्याने चालायची पद्धत नव्हती ना, गुडघ्यांवर सरकत जायचं. काताबुचींनी मुद्दाम हा अवघड पेपर घेतलाय असं मला वाटतं.

अवांतर: 'गेंजी' या हेइआनकालीन कादंबरीच्या बाराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्या बघा. घराचं छपरच काढून टाकून वरून तिरकं आत बघतात. डोळा म्हणजे एक रेघ, नाक म्हणजे गळासारखा बाक. चेहऱ्यावर भाव नाहीत, तरी कोण रडतंय ते झग्याच्या पडण्यावरून कळतं.

हिरडाबेहडा

रंगाबद्दल लिहिते, माझा रोजचा विषय आहे.

त्सुरुबामी म्हणजे ओकच्या फळाच्या टोपणातलं टॅनिन. नुसतं उकळलं तर पिवळसर-तपकिरी येतं. त्यात लोखंड आलं की करडा, आणि बुडव्यांवर बुडवे दिले की काळा. आपल्याकडे हेच काम हिरडा करतो. सह्याद्रीत, जुन्नर-भीमाशंकरकडे गोळा होणारा हिरडा. कापड आधी हिरड्यात, मग लोखंडाच्या पाण्यात. गंजकं लोखंड आणि गूळ मडक्यात आंबवून ते पाणी करतात, कलमकारीतली काळी रेघ त्याच पाण्याची. मडक्याला वास असा येतो की घरचे म्हणतात बाहेर ठेव. कापड बाहेर काढलं की आधी करडं दिसतं, आणि हवा लागेल तसं डोळ्यांदेखत गडद होत जातं. लोखंड जास्त झालं तर रेशीम कालांतराने कुजतं. म्हणजे खोल सुतकाचा झगा करणं सोपं काम नव्हे.

एक गंमत. आठव्या शतकातल्या जपानी कायद्यात हाच काळपट त्सुरुबामी गुलाम-नोकरांच्या कपड्यांचा रंग म्हणून नेमून दिलेला होता. म्हणजे रोजच्या राबणाऱ्याचा रंग तोच सरदारांच्या सुतकात. ओतोमो नो याकामोची या कवीची 749 ची एक कविता आहे: कुसुंबी लाल रंग उडून जातो, अंगवळणी पडलेल्या त्सुरुबामीच्या कपड्याची सर त्याला नाही. हाताखालचा एक कारकून गणिकेच्या नादी लागला होता, त्याला बायकोची आठवण करून द्यायला लिहिलेली!

आता खुसपटदादांना माझा पाठिंबा. हे रंगकाम करणाऱ्या बायका पुस्तकात नाहीत. कोणी फळं वेचली, कोणाची बोटं काळी झाली, ते शोनागोन लिहीत नाही. चित्रपटात दिसल्या तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.

टवाळ

आणि मांजर? मांजर दिसणार की नाही?

जुनाखोड

दिसलीच पाहिजे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सम्राट इचिजोला मांजरांचं वेड. एका मांजरीला त्याने दरबारी पाचवा दर्जा देऊन मानकरीण केलं होतं. तिला सांभाळायला बाई नेमलेली. एके दिवशी मांजर ओसरीवर ऊन खात पडली, आत येईना, म्हणून त्या बाईने ओकिनामारू नावाच्या कुत्र्याला गमतीत 'चाव तिला' म्हटलं. कुत्रा खरंच धावला. मांजर पडद्याआड, तिथे सम्राट जेवायला बसलेला. हुकूम सुटला: कुत्र्याला बडवा आणि हाकलून द्या. थोड्याच दिवसांपूर्वी सणाला त्याच कुत्र्याला डोक्यावर फुलं खोवून मिरवलं होतं. काही दिवसांनी सुजलेला, ओळखू न येणारा कुत्रा येतो. नावाने हाक मारली तर ओ देत नाही, दिलेलं खात नाही. दुसऱ्या दिवशी शोनागोन सहज म्हणते, 'बिचारा ओकिनामारू, किती मार खाल्ला असेल,' तर तो थरथरतो आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळतं.

ही हकीकत 1000 सालची. कोरेचिका हद्दपार होऊन परत आलेला. परत आलेला, मार खाल्लेला, नाव सांगायची भीती वाटणारा कुत्रा. बरेच अभ्यासक इथे तेइशीच्या भावाची सावली बघतात. मला तर ती स्वच्छ दिसते.

दुसरी गोष्ट दुसऱ्याच माणसाच्या रोजनिशीतली. फुजिवारा सानेसुके नावाचा खडूस सरदार 999 मध्ये नोंद करतो की राजवाड्यातली मांजर व्याली, तिच्या पिल्लांचा जन्मसोहळा झाला, दाईदेखील नेमली, लोक हसले. त्याच वर्षी तेइशीच्या बाळंतपणाला जागा मिळायची मारामार.

मोरपंखी

म्हणजे? सम्राज्ञीला जागा मिळेना?

शेवंती

जुनाखोड काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मला तोच प्रसंग चित्रपटात हवा आहे.

माहेरचं घर जळालेलं, बाप नाही, भाऊ निकामी. 999 च्या आठव्या महिन्यात दिवस भरत आलेली तेइशी तायरा नो नारिमासा नावाच्या एका मधल्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याच्या घरी गेली. राजवाड्यातून बाहेर पडताना तिच्यासोबत मानकऱ्यांची मिरवणूक हवी. पण मिचिनागाने नेमका तोच दिवस धरून सरदारांना उजीला सहलीला नेलं. सानेसुकेने तेही चिडून लिहून ठेवलंय.

आता शोनागोनचं ऐका. तिचा प्रसंग सुरू होतो फाटकापासून. राणीच्या पालखीसाठी पूर्वेचं फाटक चार खांबांचं करून घेतलेलं. दासींच्या गाड्या उत्तरेच्या फाटकाने. बायका निवांत, गाडी थेट ओसरीला लागेल म्हणून कोणी केस नीट केलेले नाहीत. आणि गाडी फाटकात अडकते! फाटकच लहान. मग चटया पसरून सगळ्यांना उतरून चालत जावं लागतं, आणि पुरुष मंडळी रांगेने उभी राहून बघतायत. शोनागोनची नुसती चडफड. तेइशी हसून म्हणते, 'इथे काय कुणी बघणार नाही असं असतं का? इतकं बेसावध का राहायचं?' मग नारिमासा येतो, शोनागोन त्याला फाटकावरून चिनी दाखले देऊन पिळते. रात्री तोच बिचारा दार किलकिलं करून 'आत येऊ का, आत येऊ का' विचारतो, तर बायका हसून हसून लोळतात.

वाचताना आपणही हसतो. आणि मग लक्षात येतं की देशाची सम्राज्ञी एका कारकुनाच्या घरात बाळंतपणाला आली आहे आणि हिने सगळ्या नामुष्कीला फाटकाचा विनोद करून टाकलंय. 'राणीची दैना झाली' असं एक वाक्य लिहिलं असतं तर शत्रूंना तेच हवं होतं. नोकरीत राहून मालकिणीची अब्रू राखायची तिची ही रीत.

तिथेच नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास मुलगा झाला. ज्या दिवशी झाला, त्याच दिवशी मिचिनागाची बारा वर्षांची मुलगी शोशी सम्राटाची रीतसर पत्नी म्हणून जाहीर झाली. पुढच्या वर्षी एका सम्राटाला एकाच वेळी दोन सम्राज्ञी, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिसऱ्या बाळंतपणात, नारिमासाच्याच घरी, तेइशी गेली. चोवीस वर्षांची होती.

खुसपट

बरं, हे वाचून थोडा मवाळ झालोय. थोडाच. अब्रू राखली ती मालकिणीची. भिकारणीची कोण राखणार?

रानजाई

खुसपट, तुम्ही ज्या भिकारणीचा प्रसंग सांगताय तो बर्फाच्या डोंगराच्या गोष्टीत येतो ना? 998 च्या हिवाळ्यात तेइशीच्या निवासाच्या अंगणात बर्फाचा मोठा ढीग रचतात आणि पैज लागते की तो किती दिवस टिकेल. बाकीच्या म्हणतात वर्षअखेरपर्यंतही नाही. शोनागोन ठोकून देते, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. मग बाईचा जीव त्या ढिगात अडकतो. घरी जावं लागतं तेव्हा राखणदार नेमते, त्याला खाऊ देते, पाऊस पडला की झोप उडते. चौदा तारखेपर्यंत ढीग आहे! पंधराच्या पहाटे माणूस पाठवते तर साफ नाहीसा. कोणी केलं? तेइशीने. आदल्या रात्री माणसं लावून फेकून दिला.

मला कायम प्रश्न पडायचा की असं का करावं. जिंकू द्यायचं की बिचारीला. सम्राटही तिथे हजर असतो आणि हसतो. मग कुठेतरी वाचलं की त्या पैजेच्या मधल्याच दिवसांत, पहिल्या महिन्याच्या तीन तारखेला, तेइशी राजवाड्यात सम्राटाकडे जाते. पुस्तकात एका ओळीत. केस कापलेल्या राणीला पुन्हा आत बोलावणं हा गहजब होता. त्यानंतरच मुलाचे दिवस राहिले. म्हणजे सगळ्यांचं लक्ष बर्फाकडे, आणि खरी बातमी बाजूने निघून गेली.

टवाळ

म्हणजे शोनागोन ही जगातली पहिली पीआर बाई.

रानजाई

टवाळ, तुमच्या तोंडी साखर पडो, पण अगदीच चूक नाही.

मोरपंखी

2024 च्या एनएचके या जपानी वाहिनीच्या वर्षभराच्या मालिकेत हे बरंचसं दाखवलं होतं, नायिका 'गेंजी'ची लेखिका मुरासाकी शिकिबु असली तरी. त्यात शोनागोन आणि मुरासाकी मैत्रिणी आहेत! खऱ्या मुरासाकीने तर रोजनिशीत हिची सालं काढलीत. 'भलतीच शहाणी समजते स्वतःला, चिनी अक्षरं इकडेतिकडे पेरते, नीट बघितलं तर कच्चं काम.'

जुनाखोड

मुरासाकी शोशीच्या दरबारात आली ती तेइशी गेल्यावर पाच-सहा वर्षांनी. म्हणजे दरबारात गाठ पडायचा प्रश्न नव्हता. पण मेलेल्या राणीच्या दरबाराची गोडी लोक अजून बोलून दाखवत होते, 'तिथे कशी मजा असायची', आणि त्याचं कारण शोनागोनचं पुस्तक. नव्या राणीकडे नोकरी करणाऱ्या बाईला ते बोचणारच. मुरासाकीच्या कुचकटपणात मला पुस्तकाच्या यशाचा पुरावा दिसतो.

शेवंती

सुतकाच्या काळातला एक प्रसंग मात्र पुस्तकात सरळ आहे, आणि चित्रपटाचं नाव मला तिथूनच आलेलं वाटतं.

995 चा उन्हाळा. बाप जाऊन दोन-तीन महिने. आईबापाचं सुतक वर्षभराचं, नवऱ्याचंही वर्षाचं. बायको गेली तर नवऱ्याला मात्र तीनच महिने. तर, तेइशी आणि तिच्या बायका तात्पुरत्या एका सरकारी इमारतीत मुक्कामाला. कौलारू छप्पर, त्यामुळे मरणाचा उकाडा. रात्री पडद्याबाहेर येऊन झोपायचं. जुनी इमारत, छतातून दिवसभर घोणी टपटप पडतायत, गांधीलमाश्यांचं मोठं पोळं. शेजारीच वेळ सांगणाऱ्या खात्याचा मनोरा, तिथल्या ठोक्याचा आवाज रोजच्यापेक्षा वेगळा आला. काय आहे बघू या म्हणून वीसेक तरुण बायका धावत सुटल्या आणि थेट मनोऱ्यावर चढल्या! अंगावर सुतकाचे फिके करडे झगे आणि खाली किरमिजी पायघोळ विजार. शोनागोन म्हणते, स्वर्गातल्या म्हणता येणार नाही, पण आकाशातून उतरल्यासारख्या दिसत होत्या. ज्यांना वर जाता आलं नाही त्या खालून हेवा करत बघत राहिल्या. मग काही जणी पहारेकऱ्यांच्या चौकीत घुसल्या, बड्या सरदारांच्या खुर्च्यांवर बसल्या, बाकं उलथीपालथी केली. अधिकारी कपाळावर हात मारून बसले.

साथीत माणसं पटापट जातायत, मालकिणीचं घर कोसळतंय, आणि वीस मुली सुतकी कपड्यात मनोऱ्यावर चढून शहर बघतायत. चित्रपटाच्या नावात 'नागिको' अनेकवचनी आहे. शोनागोनचं खरं नाव कोणालाच माहीत नाही, नागिको हे परंपरेने चिकटलेलं. त्या वीस जणींतल्या एकीचंही नाव उरलेलं नाही. त्या सगळ्याच नागिको.

फ्रेमवाला

खल्लास. वीस जणी, जिना, धावपळ, पायघोळ विजारी. कोणाच्या तरी डोक्यावर हे काम आलं असणार, त्याच्यासाठी एक मिनिट मौन.

पण बघा, करडं आणि किरमिजी, मागे उघडं आकाश. मी वर म्हटलं अंधारात आकृती हरवतील. इथे उलट होईल.

हिरडाबेहडा

आणि फिके करडे म्हणालात, ते लक्षात ठेवा. नातं जितकं जवळचं तितका रंग गडद. तेइशीचा सगळ्यात काळा असणार, दासींचा उतरत्या क्रमाने फिका. एका चौकटीत कोण कोणाचं लागतं ते न बोलता दाखवता येईल.

ओसाकाकर

तेइशीला क्योतोच्या पूर्वेला, तोरिबेनोला पुरलंय. सरदारांत दहन रूढ होतं, पण तिने मागे ठेवलेल्या एका कवितेवरून तिला पुरायचं ठरलं: मी धूरही होणार नाही, ढगही नाही, गवताच्या पात्यावरचं दव बघा आणि ती मीच समजा. जवळच सेन्न्युजी देवळात शोनागोनच्या कवितेचा शिलालेख आहे. चढ आहे, चांगले बूट घालून जा. लोक देवळातल्या सुंदर कान्नोनच्या (करुणेच्या बोधिसत्त्वाच्या) मूर्तीच्या दर्शनाला येतात, शिलालेखाकडे फारसं कोणी वळत नाही.

मोरपंखी

मला आता पुस्तक वाचायचंच आहे. जपानी येत नाही. कुठून सुरू करू? आणि त्याआधी काही बघण्यासारखं?

जुनाखोड

इंग्रजीत मेरेडिथ मॅकिनीचा 2006 चा अनुवाद घे, पेंग्विनचा, सहज मिळतो. आर्थर वेलीचा 1928 चा वाचनालयांत सापडतो, पण त्याने मूळ पुस्तकाचा चौथाईच घेतलाय, आणि याद्या गाळल्यात. याद्यांशिवाय शोनागोन म्हणजे फोडणीशिवाय वरण.

शेवंती

आणि बघायला काताबुचींचाच 2009 चा 'माइ माइ मिरॅकल'. 1955 मधलं होफू गाव, यामागुची प्रांत. शिन्को नावाची नऊ वर्षांची मुलगी, शेतातून पळता पळता कल्पनेत हजार वर्षांपूर्वीचं तेच गाव बघते, आणि तिथे एकटी कंटाळलेली एक छोटी मुलगी असते. तिचं नाव नागिको. शोनागोनच्या वडिलांची 974 मध्ये सुओ प्रांताच्या सुभेदारीवर नेमणूक झाली होती, आणि सुओचं मुख्य ठाणं म्हणजेच आजचं होफू. म्हणजे हा माणूस त्या मुलीच्या मागे तेव्हापासून आहे. तिथे ती खेळायला सवंगडी शोधत असते.

मोरपंखी, पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नकोस. आधी नारिमासाचं फाटक काढ, मग मनोरा, मग कुत्रा. पहाटेचं सौंदर्य वगैरे मागाहून.

खुसपट

आणि भिकारीण. भिकारीण वगळू नकोस.

शेवंती

नाही वगळणार. बर्फाच्या डोंगराच्या गोष्टीतच आहे ती. मुळात शोनागोननेच वगळली नाही.